डोंगरउतारावरचं जुनं घर दुरुस्त करताना

राजापूरजवळच्या आमच्या चिरेबंदी घराचं काम काढलं, तेव्हा गवंड्याला बोलावण्याआधी मी अख्खा पावसाळा नुसतं पाणी पाहिलं. तुम्हीही तेच करा. इकडे वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस. दरडीवरचं पाणी जोत्याला कुठे भिडतं ते जुलैतच कळतं.

पहिला खर्च तिथेच. घराच्या वरच्या अंगाला आडवा चर खणून पाणी बाजूला वळवा. दरड लहान असेल तर चुना-सिमेंट न घालता नुसते दगड रचून गडगा घाला. फटींतून पाणी निघून जातं, मागे दाब साठत नाही. पुरुषभर उंचीच्या वर असेल तर मात्र इंजिनिअरला दाखवाच. माथ्यावर वाळा लावा, त्याची मुळं दोन-तीन मीटर खोल जातात.

एका खोलीला आम्ही सिमेंटचा गिलावा केला होता. भिंतीचा जांभा दगड ओल धरतो, ती आतच कोंडली आणि पोपडे सुटले. सगळं खरवडून चुन्याचा गिलावा केला, तेव्हा भिंत सुकली.

कौलं उतरवताना एकेक वाजवून बघा. खणखणीत वाजलं तर ठेवा, बद्द वाजलं तर तडा आहे. आमची निम्म्याहून जास्त पुन्हा चढली. वाशांना काजूच्या टरफलाचं तेल, आणि माजघरावर चार काचेची कौलं: आई आता दिवसा दिवा न लावता तांदूळ निवडते.