पेज उघडताच स्क्रिप्ट चालवायचीय? आधी बॅक बटण दाबून बघा

वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटमधल्या एका गाळ्यासाठी मी रोजचे भाव दाखवणारं वेब पेज करून दिलं होतं. पेज उघडलं की स्क्रिप्ट आपोआप चालणार, सर्व्हरवरून ताजा भाव आणणार, वर वेळ टाकणार, काम एवढंच. चौथ्या दिवशी सकाळी शेठचा फोन, "अरे गिऱ्हाईक म्हणतंय २२, मी सांगतोय २५, तुझ्या पेजवर लिहिलंय काय?" झालं असं की त्या माणसाने ६:१० ला कांदा बघितला, मग बटाट्याच्या पेजवर गेला, आठेक मिनिटांनी बॅक दाबून परत आला आणि समोर तोच ६:१० चा भाव. स्क्रिप्ट दुसऱ्यांदा चाललीच नव्हती. चूक पूर्ण माझी, म्हणून हे लिहितोय.

स्क्रिप्ट वेगळ्या फाईलमध्ये ठेवा आणि स्क्रिप्ट टॅगवर डिफर (defer) हा शब्द लावा, म्हणजे एचटीएमएल पूर्ण वाचून झाल्यावरच ती चालते आणि भाव लिहायचा डबा (एलिमेंट) सापडला नाही म्हणून नल (null) ची एरर येत नाही. असिंक (async) लावू नका, त्याने स्क्रिप्ट फाईल आली की मधेच चालते, क्रमाचा भरवसा नाही. आणि डिफर फक्त एसआरसी (src, बाहेरच्या फाईलचा पत्ता) असलेल्या टॅगवरच चालतो, पेजमध्येच लिहिलेल्या साध्या स्क्रिप्टवर लावला तर ब्राउझर त्याच्याकडे बघतही नाही, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. स्क्रिप्ट मॉड्यूल (type="module") असेल तर डिफर वेगळा लावायची गरज नाही.

विंडो डॉट ऑनलोड (window.onload) ला फंक्शन चिकटवू नका. दुसऱ्या कुणी तेच केलं की तुमचं गेलं. ॲडइव्हेंटलिसनर (addEventListener) वापरा, म्हणजे अमुक घटना घडली की हे फंक्शन चालव असं ब्राउझरला सांगणारा लिसनर. बहुतेक कामांना डोमकंटेंटलोडेड (DOMContentLoaded, एचटीएमएल वाचून झालं की येणारी घटना) पुरतो, लोड हा सगळे फोटो येईपर्यंत थांबतो, स्लो नेटवर लोकांना तेवढा वेळ रिकामा तक्ता कशाला दाखवायचा? पण स्क्रिप्ट उशिरा, म्हणजे दुसऱ्या स्क्रिप्टने मागवल्यावर येत असेल, तर डोमकंटेंटलोडेड कधीच होऊन गेलेला असतो आणि तुमचा लिसनर वाट बघत बसतो. म्हणून आधी रेडीस्टेट (document.readyState, पेज कुठवर वाचून झालंय ते) बघा, लोडिंग असेल तर लिसनर लावा, नाहीतर फंक्शन सरळ चालवा.

आता बॅक बटण. इथे घाई करू नका प्लीज. बॅक दाबल्यावर ब्राउझर दरवेळी पेज नव्याने उघडत नाही, आधीचं आख्खं पेज, त्यातल्या जावास्क्रिप्टच्या सगळ्या व्हेरिएबलसकट, मेमरीत गोठवून ठेवलेलं असतं तेच जसंच्या तसं परत समोर ठेवतो. याला बीएफकॅशे (बॅक-फॉरवर्ड कॅशे) म्हणतात. सफारी आणि फायरफॉक्समध्ये हे खूप वर्षांपासून आहे, डेस्कटॉप क्रोममध्ये २०२१ मध्ये ९६ व्या आवृत्तीपासून आलं. अशा वेळी डोमकंटेंटलोडेड येत नाही. लोड पण येत नाही. येतो फक्त पेजशो (pageshow, पेज समोर आलं की येणारी घटना). म्हणून पेजशो चा लिसनर लावा, आणि तो विंडोवर लावा, डॉक्युमेंटवर नाही. पेजशो पहिल्यांदा पेज उघडल्यावरही येतो, त्यामुळे आत परसिस्टेड (event.persisted, पेज बीएफकॅशेतून आलं का ते) तपासा, खरं असेल तरच भाव परत मागवा, नाहीतर पहिल्याच वेळी दोनदा मागवला जाईल. दर पाच मिनिटांचा टायमर असेल तर तो गोठलेला असतो आणि परत आल्यावर राहिलेला वेळ मोजत पुढे चालू होतो, पेजशो मध्ये नवा टायमर लावलात तर दोन टायमर धावतील. फक्त भाव मागवा, टायमरला हात नको.

कुणी सांगेल की अनलोड (unload, पेज सोडताना येणारी घटना) चा लिसनर लाव, म्हणजे बीएफकॅशे बंदच होईल. तसं करू नका, जिथे कॅशे बंद होते तिथे बॅक जाणं स्लो होतं आणि मोबाईलवर अनलोड येईलच याची खात्री नाही.

तपासणी: रिफ्रेश मारून बघणं म्हणजे तपासणी नव्हे, मी गेल्या वेळी तेवढंच केलं होतं. लिंकवर क्लिक करा, दुसऱ्या पेजवर जा, बॅक दाबा, वरची वेळ बदलली का बघा. आयफोनवर करा, अँड्रॉइडवर करा. क्रोमच्या डेव्हटूल्समध्ये (डेव्हलपरसाठीची तपासणीची खिडकी) ॲप्लिकेशन टॅबखाली बॅक-फॉरवर्ड कॅशेची टेस्ट आहे, ती चालवा, पेज कॅशेत जातंय की नाही आणि जात नसेल तर का, ते सांगते.

बाकी पटापट. आवाज किंवा नवी विंडो पेज उघडताच आपोआप चालवू नका, ब्राउझर सहसा अडवतो. इनरएचटीएमएल (innerHTML) ने टाकलेला स्क्रिप्ट टॅग चालत नाही. सर्व्हरवर सीएसपी (कोणती स्क्रिप्ट चालू द्यायची याचे सुरक्षा नियम) असेल तर पेजमध्येच लिहिलेली इनलाइन स्क्रिप्ट अडू शकते. भाव आला नाही तर जुना आकडा ठेवू नका, "भाव मिळाला नाही" असं लिहा. एकदा नेट स्लो करून बघा, किंवा सरळ तुर्भे ते ठाणे लोकलमध्ये बसून फोनवर उघडा.

मग गाळ्यावर जा, शेठच्याच फोनवर पेज उघडा, बटाट्यावर जा आणि त्यांच्यासमोर बॅक दाबा.