नेपाळला कधी जावं? आधी कुठे जाणार ते सांगा

ओळखीपाळखीत कुणाच्या डोक्यात नेपाळ आलं की मला फोन येतो, ‘कुठल्या महिन्यात जाऊ?’ मी उलट विचारतो, नेपाळात कुठे? पोखरा, मुक्तिनाथ, लुंबिनी की पाठीवर सॅक टाकून ट्रेक? उत्तर त्यावर ठरतं. पण बहुतेकांना सुट्टी मिळते मे महिन्यात नाहीतर दिवाळीत. या दोनच पर्यायांतून निवडायचं असेल, तर डोळे झाकून दिवाळी.

कारण पाऊस. तिथला मोसमी पाऊस बंगालच्या उपसागरावरून येतो. साधारण १३ जूनच्या सुमारास तो पूर्वेच्या टोकाकडून शिरतो आणि २ ऑक्टोबरच्या आसपास निघतो. वर्षाचा जवळजवळ ऐंशी टक्के पाऊस या काळातच. जाताना तो हवेतली धूळ-धूर धुऊन नेतो, म्हणून ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरभर पोखऱ्याजवळच्या सारंगकोटच्या टेकडीवरून अन्नपूर्णा आणि माछापुच्छ्रे ही शिखरं लख्ख दिसतात.

यातही पंचांग बघून घ्या. आपली नवरात्र-दसरा म्हणजे त्यांचा दशैं. त्या आठवड्यात निम्मं काठमांडू गावाला जातं, बसमध्ये जागा नाही, दुकानांना कुलपं. शिवाय दसरा लवकर आला तर पाऊस अजून गेलेला नसतो. सप्टेंबर २०२४ च्या अखेरीस काठमांडू खोऱ्यात आणि आसपास पूर आला, दरडी कोसळल्या, देशभरात दोनशेहून जास्त माणसं गेली. दिवाळी, म्हणजे त्यांची तिहार, मात्र जरूर गाठा. नरक चतुर्दशीला तिथे कुत्र्यांचा मान असतो. गल्लीतलं एरवी हाड्‌हाड् खाणारं कुत्रंही कपाळाला टिळा, गळ्यात झेंडूची माळ घालून ऐटीत फिरतं. अधिक महिन्याच्या वर्षी दिवाळी नोव्हेंबरात सरकते, तेव्हा स्वेटर जाड घ्या.

आता मे. ‘हिमालय दर्शन’ म्हणून या महिन्याच्या सहली सर्रास विकल्या जातात. एप्रिल-मेमध्ये तिथे वणवे लागतात, शेतं जाळतात, आणि पोखऱ्यात फेवा तलावाच्या काठावर उभं राहिलं तरी समोर नुसता पांढुरका पडदा. वळवाची एखादी जोरदार सर आली की दुसऱ्या दिवशी पहाटे डोंगर दिसतात, पण ते नशिबावर. वसंतातच जायचं असेल तर मार्चअखेर बरी. घोरेपानी-पूनहिलच्या ट्रेकच्या वाटेवर लालीगुराँस, म्हणजे ऱ्होडोडेंड्रॉन, फुललेला असतो.

जुलै-ऑगस्टखेरीज सुट्टीच नाही? मग डोंगरांपलीकडचं मुस्तांग, म्हणजे जोमसोम-मुक्तिनाथचा भाग. आम्ही साताऱ्याची माणसं, महाबळेश्वरला धो धो आणि दहिवडीला आभाळ नुसतं काळं, हे आम्हाला शिकवावं लागत नाही. तिथेही तेच, फक्त मध्ये सह्याद्रीऐवजी अन्नपूर्णा आणि धौलागिरी. पोखऱ्याजवळच्या लुम्लेला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, आणि डोंगरांपलीकडच्या जोमसोमला त्याच्या दहाव्या हिश्शाइतकाही नाही. पण मेख अशी की तिथे पोचायला ओल्या बाजूनेच जावं लागतं. बेनीवरून जाणाऱ्या रस्त्यावर दरडी पडतात. पोखरा-जोमसोम विमानं सकाळीच उडतात, कारण दुपारकडे काली गंडकीच्या खोऱ्यात वारा उभं राहू देत नाही. आणि पोखऱ्यावर ढग बसले की तीही रद्द. म्हणून पावसाळ्यात दोन्ही बाजूंना दोन-दोन दिवस मोकळे ठेवा. वयस्कर मंडळींना मुक्तिनाथला नेत असाल तर पावसाळा नकोच. पोखरा आठशे मीटरवर, मुक्तिनाथ ३,७०० च्या वर, त्यात चिखलातली जीप.

पावसातला ट्रेक म्हणजे जळवा. मीठ जवळ ठेवा, इतकंच सांगतो.

डिसेंबर-जानेवारीत आभाळ स्वच्छ असतं, पण ट्रेकच्या वाटेवरची थोरांग ला ही खिंड (५,४१६ मीटर) बर्फाने बंद होऊ शकते. लुंबिनीकडच्या तराईत दाट धुकं असतं, विमानं तासन्‌तास खोळंबतात. चितवनचे गेंडे बघायला फेब्रुवारी-मार्च चांगला, उंच गवत कापलेलं-जाळलेलं असतं.

आणि ऑक्टोबरवरही आंधळा विश्वास नको. २०१४ च्या ऑक्टोबरात हुदहुद चक्रीवादळाचे ढग थोरांग लावर पोचले, बर्फात चाळीसहून अधिक जण दगावले. बंगालच्या उपसागरात वादळाची बातमी असेल तर खिंड चढू नका, खालच्या गावातच थांबा. काठमांडूहून परतीचं विमान डोंगरातून उतरल्याच्या दिवसाचं कधीच काढू नका, मधे एक दिवस रिकामा ठेवा.