बिननेटच्या उबुंटूवर पॅकेज कसं बसवायचं

समजा, इंदूरच्या रामबागेतल्या एका मंडळाच्या संगणकावर उबुंटू (लिनक्स) आहे, नेट नाही, आणि मराठी फोनेटिक टायपिंगसाठी त्यावर आयबस-एम१७एन हे पॅकेज हवंय. (इथल्या आज्ञा टर्मिनलमध्ये रोमन लहान अक्षरांत टाइप करा.)

घरी एक डेब फाइल (उबुंटूचं पॅकेज याच रूपात मिळतं) उतरवून पेनड्राइव्हवर नेली की काम भागत नाही. त्या पॅकेजला लागणारी बाकीची पॅकेजं घरच्या संगणकावर आधीच असू शकतात, मंडळाच्या संगणकावर नसतात. म्हणून काय कमी आहे ते बिननेटच्या संगणकालाच विचारावं:

एप्ट-गेट --प्रिंट-यूआरआयएस इन्स्टॉल आयबस-एम१७एन > यादी

यात काहीही बसत नाही. एकेरी अवतरणचिन्हांत डाउनलोडचा पत्ता, मग फाइलचं नाव, आकार आणि चेकसम (फाइल नीट उतरली का ते तपासायचा आकडा) अशा ओळी मिळतात. ही यादी पेनड्राइव्हवर घ्या. नेट असलेल्या कुठल्याही संगणकावर, विंडोज असलं तरी, अवतरणचिन्हं वगळून एकेक पत्ता ब्राउझरमध्ये टाका आणि सगळ्या फाइली एका फोल्डरमध्ये उतरवा.

परत आल्यावर तो फोल्डर संगणकावर कॉपी करा आणि त्यात जाऊन:

सुडो एप्ट इन्स्टॉल ./*.डेब

सुरुवातीचं ./ विसरू नका. त्यावरूनच एप्टला (पॅकेज बसवणाऱ्या साधनाला) कळतं की फाइल इथलीच आहे. डीपीकेजी -आय ही आज्ञाही चालते, पण एखादी फाइल राहिली तर पॅकेज अर्धवट बसतं आणि ते निस्तरायला पुन्हा नेट लागतं. एप्ट आधीच अडतं आणि काय कमी आहे ते सांगतं. फाइली एप्टच्या कॅशमध्ये (उतरवलेल्या फाइली तो ठेवतो त्या फोल्डरमध्ये) टाकायचा सल्लाही मिळतो, पण तिथे नावं तंतोतंत जुळावी लागतात. आवृत्तीत अपूर्णविराम (:) असेल तर कॅशमधल्या नावात %३ए येतं, उतरवलेल्या फाइलीत ते नसतं, आणि एप्ट तिच्याकडे बघतही नाही.

खरी अडचण ४०४ ची, म्हणजे 'फाइल सापडली नाही' या संदेशाची. संगणकावरची पॅकेजयादी जुनी असते आणि सुधारित आवृत्ती आली की सर्व्हरवरून जुनी फाइल जाते. अशा वेळी एप्ट-ऑफलाइन हे साधन वापरा. ते पॅकेजेस.उबुंटू.कॉम वरून, आपल्याच उबुंटू आवृत्तीचं, लागणाऱ्या पॅकेजांसकट घ्या. मंडळात 'सेट' (काय हवं त्याची नोंद), नेट असलेल्या संगणकावर 'गेट' (ते उतरवणं), परत मंडळात 'इन्स्टॉल' (उतरवलेलं एप्टच्या हवाली करणं). फेऱ्या दोन धरा: पहिलीत --अपडेट लावून फक्त यादी ताजी करा, दुसरीत --इन्स्टॉल-पॅकेजेस, आणि शेवटी सुडो एप्ट इन्स्टॉल आयबस-एम१७एन, कारण एप्ट-ऑफलाइन स्वतः पॅकेज बसवत नाही. दोन्ही एकदम मागितलं तर पत्ते जुन्या यादीतलेच निघतात.

बसल्यावर लॉगआउट करून पुन्हा आत या आणि सेटिंग्जमध्ये, कीबोर्डच्या इनपुट सोर्समध्ये मराठी फोनेटिक जोडा.