कुत्रं झोकांड्या खातंय? आधी डोळे बघा

म्हातारं कुत्रं सकाळी उठताना एका कुशीवर कोसळलं, मान वाकडी झाली, की घरचे 'लकवा मारला' म्हणून मोकळे होतात. बहुतेकदा तो लकवा नसतो. तोल सांभाळणारा अवयव कानाच्या आतल्या भागात असतो. तो बिघडला की बुबुळं आपोआप इकडून तिकडे झटके खातात, डोकं एका बाजूला कलतं, कुत्रं त्याच अंगाला पडतं. मोबाइलवर अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ काढून ठेवा, डॉक्टरला त्याचा फार उपयोग होतो.

त्याला जमिनीवर गोधडीत, भिंतीच्या आधारानं बसवा. जिना, ओटा, हौद यांच्यापासून लांब. पाणी उथळ ताटलीत, थोडं थोडं. तोंडात ओतू नका, ठसका लागून फुप्फुसात जातं. कानात तेल किंवा उरलेले थेंब तर मुळीच नकोत. पडदा फाटला असेल तर काही औषधांनी आतला कानच निकामी होतो.

वयामुळे आलेला झटका साधारण 72 तासांत उतरू लागतो, 2-3 आठवड्यांत चाल सुधारते; मान थोडी कललेली राहिली तरी चालतं. तरी तपासणी त्याच दिवशी करा. परभणी, उदगीरला पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत.

कपाशीवर फवारणी झाल्यावर लाळ, थरथर आणि झोकांड्या एकत्र दिसल्या तर विषबाधा समजा, तासभरही थांबू नका. मे महिन्यात धापा टाकत लडखडलं तर उष्माघात: सावली, अंगावर साधं पाणी, वारा, मग दवाखाना.

लस न टोचलेलं कुत्रं लडखडतंय, जबडा लोंबतोय? पिसाळलेलं असू शकतं, हात लावू नका.