रेकॉर्ड्सचा संग्रह आणि पहिला टर्नटेबल: या चुका टाळा

टर्नटेबल कोणता घ्यावा, हा प्रश्न बहुतेक जण दुकानात उभे राहून विचारतात, आणि पहिली चूक तिथेच होते. यंत्र निवडण्याआधी त्यावर काय वाजवायचे आहे हे ठरलेले असले पाहिजे, कारण ज्यांना आपण सरसकट ‘रेकॉर्ड’ म्हणतो त्या काळ्या तबकड्या मुख्यतः दोन वेगळ्या पदार्थांच्या, दोन वेगळ्या रुंदींच्या खाचांच्या आणि तीन वेगळ्या गतींच्या असतात. मराठी घरांत तर संग्रहाची सुरुवात पुष्कळदा खरेदीने होतच नाही. ती माळ्यावरून खाली उतरवलेल्या पेटीने होते, आणि त्या पेटीतून नाट्यपदांच्या व भावगीतांच्या जुन्या तबकड्यांशेजारी सत्तरच्या दशकातले ख्यालांचे आणि अभंगांचे एलपीही निघतात.

पेटीत नेमके काय आहे?

लाखेची तबकडी हातात घेतल्याबरोबर जड लागते, बहुधा दहा इंची असते, वाकत नाही आणि पडली तर काचेसारखी फुटते. तिची गती मिनिटाला ७८ फेऱ्यांची असते आणि एका बाजूवर जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांचे गाणे मावते. व्हिनाइलचा बारा इंची एलपी किंचित लवतो, मिनिटाला ३३ १/३ फेरे घेतो आणि एका बाजूवर सुमारे वीस मिनिटे वाजतो, तर सात इंची लहान तबकड्या बहुतेक ४५च्या असतात. गाणे कोणत्या काळातले आहे यावरून मात्र तबकडीचा प्रकार ओळखायला जाऊ नये. अमेरिकेत एलपी १९४८ साली आला, पण भारतात ७८च्या तबकड्या साठच्या दशकाच्या अखेरीपर्यंत निघत होत्या. बीटल्सची गाणीसुद्धा आपल्याकडे ७८वर निघाली होती. म्हणून लेबल वाचावे, आणि लेबल पुसट झाले असेल तर वजनावरून ठरवावे.

हा भेद एवढा महत्त्वाचा का, याचे कारण पिनेत आहे. लाखेच्या तबकडीची खाच रुंद असते आणि तिच्यासाठी टोकाची त्रिज्या सुमारे ७५ मायक्रॉन असलेली पिन लागते. एलपीच्या पिनेचे टोक साधारण १८ मायक्रॉनचे असते. एलपीची पिन ७८वर ठेवली की ती खाचेच्या भिंतींना नीट न टेकता तळाशी साचलेल्या धुळीतून फरफटत जाते आणि गाण्यापेक्षा खरखरच अधिक ऐकू येते. ती खरखर ऐकून ‘रेकॉर्ड घासली आहे’ असा निष्कर्ष काढून चांगल्या तबकड्या भंगारात दिल्याची उदाहरणे मी पाहिली आहेत, आणि त्याचे फार वाईट वाटते. उलट, ७८ची जाड पिन एलपीवर ठेवली तर खाचेचे कायमचे नुकसान होते.

तेव्हा पेटीत दोन्ही प्रकार असतील तर टर्नटेबलाला ७८ची गती आहे का आणि त्याच्या कार्ट्रिजला, म्हणजे पिन बसवलेल्या आणि तिच्या थरथरीचा विजेचा सिग्नल करणाऱ्या भागाला, ७८ची वेगळी पिन मिळते का, हे दोन प्रश्न खरेदीपूर्वी विचारावेत. आजच्या अनेक चांगल्या यंत्रांत, उदाहरणार्थ रेगाच्या प्लेनार १मध्ये, ७८ची गती नसते. ऑडिओ-टेक्निकाच्या एटी-एलपी१२०एक्समध्ये ती आहे, आणि त्यासोबत येणाऱ्या कार्ट्रिजच्या मालिकेत ७८साठी पिनही मिळते, जी हाताने ओढून काढता-बसवता येते. केवळ एलपीच ऐकायचे असतील तर ७८च्या गतीसाठी पैसे मोजण्याचे कारण नाही.

सुटकेस आणि पितळी कर्णा

सुटकेससारखी मिटणारी, आतच स्पीकर असलेली लहान यंत्रे सर्वांत सहज मिळतात, म्हणून नव्या संग्राहकाची पहिली खरेदी बहुधा तीच ठरते. त्यांतल्या बहुतेकांत सिरॅमिक कार्ट्रिज असते आणि ते पाच-सहा ग्रॅमच्या भाराने तबकडीवर टेकते. चांगले मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिज दोन ग्रॅमच्या आसपास चालते. अशा यंत्रावर एकदा वाजवल्याने एलपी लगेच बिघडत नाही, हे खरे आहे. परंतु त्यांत भार कमी-जास्त करण्याची सोय नसते, झिजलेली पिन बदलण्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही, आणि झिजलेली पिन व जास्तीचा भार मिळून आधी वरच्या पट्टीतले नाजूक स्वर खातात. जी तबकडी पुन्हा निघण्याची शक्यता नाही ती अशा यंत्रावर ठेवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. त्यापेक्षा काही महिने थांबून, पिन धरणाऱ्या आर्मच्या मागे भार ठरवणारे वजन फिरवण्याची सोय असलेला आणि कार्ट्रिज बदलता येणारा टर्नटेबल घ्यावा.

चकचकीत पितळी कर्णा आणि कुत्र्याचे चित्र असलेला ‘जुना ग्रामोफोन’ मुंबईच्या चोर बाजारापासून पर्यटनस्थळांवरच्या दुकानांपर्यंत सर्वत्र दिसतो. त्यांतले बरेचसे नव्या खोक्यात जुन्या पोर्टेबल ग्रामोफोनची मोटर बसवून केलेले असतात. ते शोभेसाठी घेतले तर हरकत नाही. तबकड्या ऐकण्यासाठी घेऊ नयेत. खऱ्या चावीच्या ग्रामोफोनवरही फक्त लाखेच्याच तबकड्या वाजवायच्या असतात आणि त्याची पोलादी सुई दर बाजूला बदलायची असते. त्या सुईखाली एलपी गेला तर तो पहिल्याच खेपेला वाया जातो.

अमेरिकेहून आणलेला टर्नटेबल

ही चूक मराठी कुटुंबांत इतक्या वेळा होते की तिच्याबद्दल सविस्तर लिहिले पाहिजे. न्यू जर्सीत किंवा कॅलिफोर्नियात राहणारा भाऊ तिथला एखादा उत्तम जुना टर्नटेबल सामानातून घेऊन येतो, आपण १२० व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर जोडतो, यंत्र फिरू लागते, आणि गाणे मात्र ओळखीचे वाटत नाही. कारण असे की अमेरिकेतली वीज ६० हर्ट्झची आणि आपली ५० हर्ट्झची, आणि ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज बदलतो, हर्ट्झ नाही. जुन्या बेल्ट ड्राइव्ह, म्हणजे पट्ट्याने फिरणाऱ्या, यंत्रांतल्या अनेक मोटरी या हर्ट्झवरच आपली गती ठरवतात. त्यामुळे मिनिटाला ३३ १/३ऐवजी साधारण २७.८ फेरे होतात. वीस मिनिटांची बाजू चोवीस मिनिटे चालते आणि स्वर सुमारे तीन पट्ट्यांनी खाली येतो, म्हणजे काळी चारमध्ये गाणारी गायिका पांढरी चारमध्ये गाऊ लागते. ज्यांचा कान तयार नाही त्यांना हे कित्येक महिने कळतही नाही. राग भारदस्त वाटतो, एवढेच.

यावर उपाय म्हणजे त्या मॉडेलसाठी ५० हर्ट्झची पुली, म्हणजे पट्टा फिरवणारी मोटरवरची चाकी, मिळवून बसवणे. ज्या यंत्रांत डीसी मोटर असते किंवा क्वार्ट्झने नियंत्रित केलेली डायरेक्ट ड्राइव्ह मोटर असते त्यांना ही अडचण येत नाही, त्यांना फक्त योग्य व्होल्टेज पुरते. गती बरोबर आहे की नाही हे पाहण्यासाठी रेघांची वर्तुळे छापलेली कागदी स्ट्रोबोस्कोप डिस्क वापरता येते, पण तीवरचे ५० हर्ट्झचे वर्तुळ पाहावे. ३३ १/३साठी त्यात १८० रेघा असतात, ६० हर्ट्झच्या वर्तुळात २१६. आपल्या विजेवर लुकलुकणाऱ्या दिव्याखाली त्या रेघा स्थिर दिसल्या पाहिजेत. अनेक एलईडी दिवे पुरेसे लुकलुकत नाहीत, म्हणून या कामासाठी एखादा जुन्या पद्धतीचा बल्ब जवळ असावा.

आवाज नीट येत नसेल तर

आवाज अगदी बारीक, पातळ आणि खर्ज नसलेला येत असेल तर टर्नटेबल बिघडला असे समजू नये. कार्ट्रिजमधून निघणारा सिग्नल चार-पाच मिलिव्होल्टचाच असतो, आणि शिवाय तबकडी कापतानाच खर्ज कमी आणि तार स्वर अधिक केलेले असतात. १९५०च्या दशकात रूढ झालेल्या आरआयएए या प्रमाणानुसार ते उलटे करून घ्यावे लागतात. ही दोन्ही कामे फोनो प्रीअँप करतो. तो काही टर्नटेबलांत आतच असतो, काही अँप्लिफायरांत ‘फोनो’ लिहिलेल्या जागी असतो, आणि दोन्हीकडे नसेल तर वेगळा घ्यावा लागतो. आवाज फाटका आणि कर्कश येत असेल तर बहुधा उलटे झालेले असते, म्हणजे टर्नटेबलाचा प्रीअँप चालू ठेवून त्याची वायर पुन्हा ‘फोनो’तच लावलेली असते. सतत घुमणारा ‘हम्’ येत असेल तर आधी ग्राउंडची बारीक वायर अँप्लिफायरच्या स्क्रूला घट्ट बसली आहे का ते पाहावे. एकाच बाजूचा स्पीकर गप्प असेल तर कार्ट्रिजच्या मागच्या चार रंगीत वायरींपैकी एखादी सैल झालेली आढळते.

पिन अडकणे हा शब्दप्रयोग आपण बोलण्यातही वापरतो, इतका हा दोष जुना आहे, आणि त्यावरचा घरगुती उपायही तितकाच जुना आणि चुकीचा आहे: आर्मवर नाणे ठेवणे. पिन अडकते ती बहुधा खाचेत धूळ किंवा बुरशी असते म्हणून, टर्नटेबल समतल नसतो म्हणून, किंवा भार कार्ट्रिज बनवणाऱ्याने सांगितल्यापेक्षा कमी असतो म्हणून. नाण्याने भार कित्येक ग्रॅमनी वाढतो आणि अडकण्याची एक जागा पार करण्यासाठी संपूर्ण बाजू खरवडली जाते. त्याऐवजी तबकडी स्वच्छ करावी, स्पिरिट लेव्हलने यंत्राची पातळी तपासावी आणि भार मोजणाऱ्या लहान डिजिटल काट्यावर वजन लावावे. पिनेला तबकडीच्या मध्याकडे ओढले जाण्यापासून आवरणाऱ्या अँटीस्केटिंगचा आकडा सुरुवातीला भाराच्या आकड्याइतकाच ठेवावा. स्पीकर आणि टर्नटेबल एकाच टेबलावर ठेवू नयेत, कारण स्पीकरची थरथर पिनेतून परत आवाजात येते आणि खर्जात गुरगुर ऐकू येते.

स्वच्छता आणि पावसाळा

स्वच्छतेच्या बाबतीत माझ्या हातून झालेली एक चूक अजून मनाला लागून आहे. आजोबांच्या पेटीतली एक लाखेची तबकडी मी एलपीसारखीच समजून स्पिरिटने पुसली. लाख अल्कोहोलमध्ये विरघळते, हे त्या क्षणी लक्षात आले नाही. कापड काळे झाले, तबकडीची चकाकी गेली आणि त्यानंतर तिच्यातून सपाट सुसाट्यापलीकडे फारसे काही ऐकू आले नाही. म्हणून लाखेच्या तबकडीला आयसोप्रोपिल अल्कोहोल, कोलन किंवा स्पिरिट कधीही लावू नये. डिस्टिल्ड वॉटरमध्ये भांड्यांच्या द्रव साबणाचा एखादा थेंब घालून, लेबल कोरडे ठेवून, मऊ कापडाने खाचांच्या दिशेने पुसावे, पुन्हा साध्या डिस्टिल्ड वॉटरने पुसून घ्यावे आणि सावलीत उभी ठेवून वाळवावी. एलपीसाठीही हीच पद्धत पुरते. दर वेळी वाजवण्यापूर्वी कार्बन फायबरचा ब्रश फिरवावा, आणि पिन साफ करताना ब्रश नेहमी मागून पुढे ओढावा. आडवा फिरवला तर पिनेची दांडी वाकते.

कोकणात आणि मुंबईत जून ते सप्टेंबर या काळात दमट हवेने कव्हरला आणि खाचांना पांढरी बुरशी धरते. भिंतीला टेकलेल्या बंद कपाटात तबकड्या ठेवू नयेत, आतले जुने कागदी पाकीट बदलावे आणि सिलिका जेलच्या पुड्या अधूनमधून वाळवून पुन्हा ठेवाव्यात. तबकड्या नेहमी उभ्या ठेवाव्यात. एकावर एक आडव्या रचल्या तर एलपी वाकतात आणि लाखेच्या तबकड्यांना तडे जातात. एप्रिल-मे महिन्यांत उन्हात उभ्या असलेल्या गाडीत एलपी विसरू नये. दुपारपर्यंत तो पापडासारखा वाकडा होतो.

खरेदी करताना

जाणकार संग्राहकांत तबकडीच्या अवस्थेसाठी इंग्रजी श्रेण्या वापरतात आणि त्यांतला ‘गुड’ हा शब्द नवख्याला फसवतो: त्या श्रेणीतली तबकडी सतत खरखरते. ‘व्हेरी गुड’मध्येही खरखर ऐकू येतेच, निवांत ऐकायचे असेल तर ‘व्हेरी गुड प्लस’च्या खाली उतरू नये. एचएमव्हीच्या भारतीय एलपींवर ईएएलपी किंवा ईसीएलपी ही अक्षरे असतील तर ध्वनिमुद्रण मोनो आणि ईएएसडी किंवा ईसीएसडी असतील तर स्टिरिओ, हे लक्षात ठेवले तर विक्रेत्याच्या शब्दावर विसंबावे लागत नाही. मोनो म्हणून एखादा एलपी नाकारणे मात्र चुकीचे ठरेल. गळ्याचा जिवंतपणा त्यात पुरेपूर असतो.

पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी किंवा रविवारी जाताना सोबत छोटी विजेरी न्यावी. तबकडी पाकिटातून पूर्ण बाहेर काढून, काठ आणि लेबल यांनाच धरून, प्रकाशात तिरकी करावी. नखाला न लागणारे ओरखडे बहुधा आवाजात फारसे उतरत नाहीत, नखाला अडणारा ओरखडा दर फेरीला ‘टक्’ करतो. मग लेबलावरच्या भोकाभोवती पाहावे: तिथे बारीक चकाकत्या रेघांचे जाळे असेल तर ती तबकडी अनेक वेळा, आणि अंधारात चाचपडत, प्लेयरवर चढवली गेली आहे, मग वरून ती कितीही चकचकीत पुसलेली असो.