डॅन्यूबकाठच्या सायकल सफरीत कडक उन्हाचा दिवस कसा काढावा

जर्मनीतील पासाऊपासून ऑस्ट्रियातील व्हिएन्नापर्यंतचा डॅन्यूब नदीकाठचा सायकलमार्ग सव्वातीनशे किलोमीटरांच्या आसपास भरतो. तो जवळजवळ सपाट आहे आणि पूर्वेकडे जाताना वारा बहुधा पाठीशी असतो, त्यामुळे लांब पल्ल्याची पहिलीच सफर करणारी मंडळीही तो हौसेने निवडतात. जुलै-ऑगस्टमध्ये मात्र पारा पस्तिशीकडे सरकतो असे काही दिवस येतातच. महाराष्ट्रातून गेलेल्या माणसाला हे ऊन किरकोळ वाटते, पण घरी तो त्या उन्हात दिवसभर सायकल चालवत नसतो, आणि जुलैच्या पावसाळी हवेतून निघालेल्या शरीराला उन्हाची सवय व्हायला आठवडा-दोन आठवडे लागतात. म्हणून अशा दिवशी आधी सावलीचा हिशेब करावा आणि त्यात बसतील तेवढेच किलोमीटर धरावेत, असे माझे ठाम मत आहे.

उन्हाळ्यात तेथील घड्याळे मुद्दाम एक तास पुढे केलेली असतात. सूर्य डोक्यावर येतो तो दुपारी एक वाजून गेल्यावर, आणि खरा ताव असतो तीन ते पाचच्या दरम्यान. आपल्याकडच्या सवयीने बारा ते दोन विश्रांती घेऊन पुन्हा निघणारा प्रवासी त्यामुळे नेमका भट्टीत शिरतो. त्यापेक्षा पहाटे साडेपाच-सहाला, उजाडताच निघावे, निम्म्याहून अधिक अंतर अकराच्या आत संपवावे आणि उरलेले संध्याकाळी सहानंतर पार करावे. नऊच्या सुमारापर्यंत उजेड असतो, त्यामुळे घाई करावी लागत नाही. मुक्कामाच्या ठिकाणी न्याहारी सहसा सातच्या आधी मिळत नाही, म्हणून आदल्या संध्याकाळीच पाव, चीज आणि फळे घेऊन ठेवावीत. रविवारी बहुतेक दुकाने बंद असतात, ही गोष्ट शनिवारीच लक्षात ठेवावी.

नदीकाठ म्हणजे गारवा, ही समजूत या मार्गावर फसवते. माउटहाउझेननंतरचा माखलांडचा सखल भाग आणि क्रेम्स ते टुल्न हा पट्टा बराचसा उघड्या बांधावरून जातो. तेथे डांबरी वाट खालून तापते, झाडे लांब असतात आणि गावेही काठापासून आत असतात. हे दोन्ही पट्टे सकाळीच ओलांडावेत. ग्राइनच्या पुढे दरी अरुंद होते आणि दोन्ही बाजूंना जंगल येते, त्यामुळे तेथे थोडा उशीर झाला तरी निभावते. मेल्क ते क्रेम्स दरम्यानच्या वाखाऊ खोऱ्यात मात्र काठ निवडण्याची मुभा आहे. उत्तर काठावर द्राक्षमळ्यांच्या दगडी पायऱ्या दक्षिणेकडे तोंड करून दिवसभर ऊन पितात आणि सायंकाळपर्यंत ते परत फेकत राहतात, तर दक्षिण काठावर जर्दाळूच्या बागा, लहान गावे आणि तुरळक वाहतूक आहे. श्पिट्झ येथील फेरीबोट इंजिनाशिवाय, वरच्या दोराच्या आधाराने केवळ प्रवाहाच्या जोरावर पलीकडे सरकते आणि सायकलीही नेते. भर दुपारी अगदीच झेपत नसेल, तर मेल्क ते क्रेम्स हे अंतर सायकलसह प्रवासी बोटीने खुशाल काटावे; त्यात कमीपणा मुळीच नाही.

पाण्याच्या बाबतीत खरा धोका असा की सायकलवर लागणाऱ्या वाऱ्याने घाम लगेच वाळतो आणि आपण किती पाणी गमावले हे कळतच नाही. दर पंधरा-वीस मिनिटांनी दोन-चार घोट प्यावेत आणि लघवी गडद पिवळी होत असेल तर थांबावे. नुसते पाणीच ढोसत राहू नये. एक लिटर पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ हे प्रमाण जगभर मान्य आहे. त्यात लिंबू पिळले की ते घशाखाली सहज उतरते. ऑस्ट्रियात नळाचे पाणी बिनदिक्कत पिता येते. गाव दिसले की दफनभूमी शोधावी, कारण फुलझाडांना पाणी घालण्यासाठी तेथे नळ असतोच; मात्र त्यावर ‘काइन ट्रिंकवासर’ अशी पाटी असेल तर ते पिण्याचे नाही, त्यात फक्त टोपी आणि गळ्यातला पंचा भिजवावा. बाटलीवर ओला सुती मोजा चढवून ती वारा लागेल अशी हँडलला बांधावी, म्हणजे माठासारखे पाणी गार राहते. मोजा वाळला की पुन्हा भिजवावा.

दुपारचे चार-पाच तास काढायला जाड भिंतींची चर्चे उत्तम. मेल्कच्या मठाचे चर्च तर मुद्दाम वेळ देऊन पाहावे असे आहे. पोहण्यासाठी लिंट्झजवळच्या प्लेशिंगर तलावासारखी जागा किंवा गावचा तरणतलाव गाठावा. मुख्य प्रवाहाला ओढ असते आणि मोठी जहाजे जाताना काठचे पाणी आधी मागे खेचले जाऊन मग लाट येते, म्हणून मुलांना तेथे एकटे सोडू नये.

उकाड्याच्या दिवसाअखेर अनेकदा विजांसह वादळ येते. पश्चिमेला ढग चढू लागले की उघडा बांध सोडून पक्क्या इमारतीत जावे, एकट्या झाडाखाली थांबू नये. सोबत्याला डोके दुखणे, मळमळ किंवा अंगावर काटा येणे सुरू झाले तर त्याला लगेच सावलीत आडवे करावे, कपडे सैल करावेत आणि अंग ओले करून वारा घालावा. तो असंबद्ध बोलू लागला किंवा त्याची शुद्ध हरपू लागली, तर तोंडात पाणी न ओतता ताबडतोब 112 किंवा 144 वर फोन करावा आणि रुग्णवाहिका येईपर्यंत अंगावर पाणी ओतणे थांबवू नये.