कठपुतळी, चामड्याच्या बाहुल्या आणि टपाल तिकिटं: विषयवार संग्रह कसा उभा करावा

तिकीट विक्रेत्याकडे "बाहुल्यांवरची काही आहेत का?" असं विचारलं की तो कोंडापल्लीची खेळणी, चन्नपट्टणचे लाकडी घोडे, नवरा-नवरीच्या बाहुल्या, छाऊचे मुखवटे असं सगळं एका पाकिटात घालून देतो. त्यातलं बहुतेक परत करावं लागतं. मराठीत खेळायची बाहुली आणि खेळवायची बाहुली यांना एकच शब्द आहे, म्हणून कसोटी आपणच ठरवायची. ही बाहुली प्रेक्षकांसमोर दोरीने, काठीने, हाताने किंवा पडद्यावरच्या सावलीतून चालवली जाते का? चालवली जात असेल तर घ्यायची. शोकेसमधली कितीही देखणी असली तरी सोडायची.

पहिलं तिकीट विकत घेण्याआधी एका कागदावर चार रकाने आखा. दोरीच्या रकान्यात राजस्थानची कठपुतळी, ओडिशाचं गोपलीला कुंढेई, कर्नाटकाचं गोंबेयाट्टा, तमिळनाडूचं बोम्मलाट्टम आणि आपल्या कळसूत्री बाहुल्या. काठीच्या रकान्यात बंगालचं पुतुल नाच आणि बिहारची यमपुरी. हातमोज्याच्या बाहुल्यांत केरळचं पावकथकली. सावलीच्या रकान्यात आंध्रचं तोलु बोम्मलाटा, कर्नाटकाचं तोगलु गोंबेयाट्टा, केरळचं तोलपावकूत्तु, ओडिशाची रावणछाया आणि सिंधुदुर्गातल्या पिंगुळीच्या चामड्याच्या बाहुल्या. पुढचा सगळा संग्रह या कागदावर चालतो, म्हणून तो वहीच्या पहिल्या पानात चिकटवून ठेवा.

थेट बाहुल्यांवरची भारतीय तिकिटं थोडी आहेत. सुरुवात करायला 2014 ची भारत-स्लोव्हेनिया संयुक्त तिकिटं चांगली. संयुक्त प्रकाशनात दोन्ही देश एकाच विषयावर तिकिटं काढतात, त्यामुळे नुसता भारतीय संच घेतला की काम अर्धंच होतं. स्लोव्हेनियाचा संचही मिळवा, आणि जमलं तर दोन्हीकडची फर्स्ट डे कव्हरं, म्हणजे तिकीट निघालं त्याच दिवशीच्या शिक्क्याची पाकिटं. पानावर दोन्ही संच शेजारी-शेजारी लावले की देशाचं नाव, किमतीचं चलन आणि छपाई यांतला फरक न सांगता दिसतो.

थेट तिकिटं संपली की जोडतिकिटांकडे, म्हणजे ज्यांवर बाहुली नाही पण खेळाशी संबंध आहे अशा तिकिटांकडे, वळावं लागतं, आणि नवा संग्राहक इथेच घसरतो. जोड घट्ट हवी. पावकथकलीच्या बाहुल्यांचा रंग, मुकुट आणि पोशाख कथकलीचाच असतो, म्हणून 1975 च्या शास्त्रीय नृत्यांच्या संचातलं कथकलीचं 1 रुपयाचं तिकीट त्या पानावर हक्काने बसतं. त्याच संचातलं कथकचं 75 पैशांचं तिकीट मात्र "जयपूर घराणं म्हणजे राजस्थान, राजस्थान म्हणजे कठपुतळी" अशा ओढूनताणून केलेल्या हिशेबाने लावू नका. तिकीट-प्रदर्शनाच्या स्पर्धेतला परीक्षक आधी तिथेच बोट ठेवतो.

घट्ट जोडीचं सगळ्यात चांगलं उदाहरण तोलपावकूत्तु. हा खेळ तमिळ कवी कंबर याच्या कंब रामायणावर चालतो. देवीच्या देवळाशी बांधलेल्या कूत्तुमाडमात, म्हणजे या खेळाच्या कायमच्या रंगमंचात, पांढऱ्या पडद्यामागे नारळाच्या करवंट्यांत 21 दिवे लावतात आणि त्यांच्या उजेडात रात्र-रात्र खेळ चालतो. या पानासाठी कंबरवरचं 1966 चं तिकीट घ्या. त्याखाली 22 सप्टेंबर 2017 रोजी निघालेल्या 11 तिकिटांच्या रामायण संचातले निवडक प्रसंग लावा. पूर्ण 11 लावायचा मोह आवरा. खेळात येणाऱ्या प्रसंगांचीच तिकिटं ठेवली तर पान बाहुल्यांचं राहतं, नाहीतर ते रामायणाचं होऊन बसतं. 2017 मध्येच महाभारतावरही संच निघाला आहे. चामड्याच्या बाहुल्यांच्या खेळांत महाभारतातली आख्यानंही येतात, म्हणून तोही याच पद्धतीने, तोलूनमापून वापरता येतो.

खरेदीसाठी पहिली जागा म्हणजे जीपीओतला फिलाटेलिक ब्युरो, म्हणजे तिकीट-संग्राहकांसाठीचा विभाग. तिथे तिकीट छापील किमतीलाच मिळतं आणि सोबतचं माहितीपत्रकही. आधी पैसे भरून फिलाटेलिक डिपॉझिट अकाउंट उघडलं तर नवी तिकिटं घरी येतात, पण अर्जात काय हवं ते नेमकं लिहा: एक सुटं तिकीट, कडेच्या पट्टीसह चारचा ब्लॉक (एकमेकांना जोडलेली चार तिकिटं), फर्स्ट डे कव्हर आणि माहितीपत्रक. मिनिएचर शीट (तिकिटांचं छोटं सजवलेलं पान) निघाल्यास तीही. कडेच्या पट्टीवर छपाईच्या रंगांचे ठिपके असतात. चारचा ब्लॉक घेताना ती पट्टी फाडलेली असेल तर दुसरा मागा. जुनं तिकीट विक्रेत्याकडून घेताना ते चिमट्याने उलटं करून बघा. गोंदावर बोटाचा ठसा, हिंजचा (तिकीट अल्बमला चिकटवायच्या कागदी पट्टीचा) डाग किंवा तपकिरी ठिपके दिसले तर ते कोऱ्या तिकिटाच्या भावाने घेऊ नका. चारही कडांचे दातही मोजा. परफोरेशनचा आकडा म्हणजे 2 सेंटिमीटरमधल्या भोकांची संख्या. "बिनदाताचं दुर्मिळ" म्हणून विकलेलं तिकीट पुष्कळदा रुंद कडेच्या तिकिटाचे दात कात्रीने उडवून तयार केलेलं असतं. नेहमीच्या दातेरी तिकिटाशेजारी ठेवून मोजा. खऱ्या बिनदाताच्या तिकिटाला चारही बाजूंनी भरपूर मोकळी कड हवी. तिकीट जोडीत किंवा ब्लॉकमध्ये असेल तरच विश्वास ठेवायला जागा असते.

बाहुल्यांवरची चकचकीत परदेशी शीटं ऑनलाइन स्वस्तात दिसतात. त्यातली काही त्या देशाच्या टपालखात्याने कधी काढलेलीच नसतात. जागतिक टपाल संघटनेने 2002 पासून डब्ल्यूएनएस ही क्रमांक पद्धत चालवली आहे. त्यात सहभागी असलेल्या देशाचं तिकीट तिथे सापडलं नाही तर पैसे खिशातच राहू द्या.

माय स्टॅम्पबद्दल, म्हणजे टपालखात्याकडून आपलं चित्र घालून छापून घ्यायच्या तिकिटांबद्दल, एक सूचना. पानात 12 तिकिटं मिळतात आणि शेजारी आपण दिलेलं चित्र छापून येतं. घरच्या अल्बमला मजा येते, पण स्पर्धेच्या फ्रेममध्ये (प्रदर्शनात पानं लावायच्या चौकटीत) स्वतःच काढून घेतलेल्या बाहुलीच्या फोटोला फारसं वजन नसतं. ते जागा भरणं ठरतं.

पाकिटं आणि शिक्के

या विषयात तिकिटांपेक्षा शिक्क्यांनी पान भरतं. भौगोलिक मानांकन मिळालेल्या वस्तूंवर टपालखातं खास पाकिटं काढतं. शोधताना नोंदणीतली नावं वापरा: 'कठपुतलीज ऑफ राजस्थान', 'आंध्र प्रदेश लेदर पपेट्री'. खास पाकिटावरचं तिकीट भलत्याच विषयाचं असू शकतं, त्याने काही बिघडत नाही. तिथे किंमत पाकिटाच्या चित्राची आणि शिक्क्याची. म्हणून असं पाकीट कापून तिकीट वेगळं करणं म्हणजे बाहुलीच्या दोऱ्या कापणं.

मॅक्सिमम कार्ड, म्हणजे तिकिटाशी जुळणाऱ्या चित्राच्या पोस्टकार्डावर ते तिकीट लावून शिक्का मारलेलं कार्ड, स्वतः करता येतं, आणि या विषयात ते फार छान दिसतं. तिकीट बाजारात येण्याआधी छापलेलं, त्याच बाहुलीचं चित्र असलेलं पोस्टकार्ड शोधा. चित्राने कार्डाचा किमान तीन चतुर्थांश भाग व्यापलेला हवा. चित्र तिकिटाचीच मोठी नक्कल असेल तर ते कार्ड बाद. तिकीट कार्डाच्या चित्र असलेल्या बाजूवरच लावा आणि त्या खेळाशी खरा संबंध असलेल्या गावच्या पोस्टात, तिकीट चालू असतानाच शिक्का मारून घ्या. शिक्का निम्मा तिकिटावर, निम्मा चित्रावर पडायला हवा. गुळगुळीत, लॅमिनेट केलेल्या कार्डावर शाई पसरते, म्हणून मॅट कागदाचं कार्ड घ्या. पोस्टाने शिक्का मागवायचा असेल तर आपल्या पत्त्याचं पाकीट जाड पुठ्ठ्यासह पाठवा आणि सोबतच्या चिठ्ठीत "कृपया शिक्का हलक्या हाताने, स्वच्छ मारावा" असं लिहा.

महाराष्ट्राचं पान याच मार्गाने बनतं. सिंधुदुर्गात कुडाळजवळच्या पिंगुळीचा ठाकर समाज कळसूत्री आणि चामड्याच्या बाहुल्या, तसंच चित्रकथी (चित्रं दाखवत कथा सांगण्याची कला) चालवत आला आहे. तिथल्याच परशुराम गंगावणे यांना 2021 मध्ये पद्मश्री मिळाली. कुडाळ पोस्टातून खरोखर टपालात टाकलेलं, स्पष्ट गोल शिक्क्याचं साधं पाकीट या पानाला पुरतं. तिकीट, शिक्क्याची तारीख आणि गावाचं नाव, तिन्ही वाचता यायला हवीत.

वापरलेली तिकिटं सोडवणं

पाकिटावरचं तिकीट ओढून काढू नका. चोहोबाजूंनी 1 सेंटिमीटर कागद ठेवून कापा, आणि कोमट पाण्यात चेहरा वर ठेवून तरंगत सोडा. 15 ते 20 मिनिटांत ते आपोआप घसरतं. नाही घसरलं तर आणखी वाट बघा. नखाने उचकलं की मागचा कागद सोलला जातो आणि तिकीट पातळ पडतं. उजेडासमोर धरलं की ती पातळ जागा लख्ख दिसते. सुटलेलं तिकीट दुसऱ्या स्वच्छ पाण्यात खंगाळा, कारण मागे राहिलेला गोंद वाळताना कागदाला चिकटतो. मग टिपकागदावर तोंड खाली करून वाळवा आणि रात्रभर जाड पुस्तकाखाली ठेवा.

लग्नपत्रिकेची लाल-पिवळी पाकिटं वेगळ्या भांड्यात भिजवा, रंग सुटतो. हळदीचा टिळा लागलेलं पाकीट तर भिजवूच नका, पिवळेपणा तिकिटात मुरतो आणि पुन्हा निघत नाही. मागचं आवरण सोलून चिकटवायची तिकिटं पाण्यात सुटत नाहीत. ती 3-4 मिलिमीटर कागद ठेवून कापा आणि तशीच जपा.

पान लावणं

कोऱ्या तिकिटाला हिंज लावू नये, माउंट (तिकीट आत सरकवायचा, काळ्या पाठीचा पारदर्शक खिसा) वापरावा. आपली बरीचशी स्मारक तिकिटं साधारण 39 बाय 29 मिलिमीटरची असतात. माउंट 43 बाय 33 चा कापला की सगळीकडे 2 मिलिमीटर काळी किनार राहते. स्वस्त पीव्हीसीचे पाऊच घेऊ नका, काही वर्षांत ते चिकट होतात आणि शाई ओढतात. पॉलिप्रॉपिलिनचे घ्या. पान ए-4 आकाराचं, आम्लमुक्त, जाड कागदाचं. एका फ्रेममध्ये 16 पानं. पहिल्यावर विषय आणि आराखडा, पुढे दोरी, काठी, हातमोजा आणि सावली. सावलीला पाच-सहा पानं द्या, काठीला एक-दोन पुरतात. पानांची संख्या सारखी करण्यासाठी कमकुवत तिकिटं भरली की आराखडाच दुबळा दिसतो. तिकिटाखाली दोन ओळींपेक्षा जास्त मजकूर नको, आणि त्यात चित्राचं वर्णन नको, चित्र दिसतंच. रावणछायेतली बाहुली अखंड चामड्याची, बिनरंगी असते, तर तोलु बोम्मलाट्याची दोन्ही बाजूंनी रंगवलेली. असा फरक लिहावा.

कोकणात आणि मुंबईत जून ते सप्टेंबर स्टॉकबुक (तिकिटं ठेवायची पट्ट्यांची वही) उभं ठेवा. आडवं ठेवून वर वजन पडलं की दमट हवेत गोंद पानाला चिकटतो. डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि दर आठवड्याला बघा. निळे दाणे गुलाबी झाले की ते ओलावा पिऊन बसलेत, मंद आचेवर पुन्हा निळे होईपर्यंत तापवून घ्या. तरी एखादं कोरं तिकीट चिकटलंच तर पाण्यात टाकू नका, गोंद जाईल. पान हवाबंद पिशवीत घालून काही तास फ्रीझरमध्ये ठेवा. गोंद ठिसूळ होतो आणि तिकीट पुष्कळदा कडेकडून सुटू लागतं. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नका, पान खोलीच्या तापमानाला येऊ द्या, नाहीतर त्यावर दव धरतं आणि तिकीट परत जागच्या जागी चिकटतं.